औषधी वनस्पती संरक्षक द्रव्यं कुठे बनवतात, कशी नेतात, कशात साठवतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काढणी, वाळवणी आणि अर्क काढणं यांत होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: हवं ते द्रव्य पेशीच्या कोणत्या कप्प्यात आहे, याचा विचारच झालेला नसतो. म्हणून खालची उत्तरं ‘किती’पेक्षा ‘कुठे’ला जास्त जागा देतात.

‘संरक्षक द्रव्यं’ म्हणजे नेमकं काय?

साखर, प्रथिनं, मेद ही द्रव्यं प्रत्येक वनस्पतीत असतात, त्यांच्याशिवाय जगणंच नाही. याउलट निकोटिन, मेंथॉल, करक्युमिन, मॉर्फिन यांसारखी द्रव्यं ठरावीक कुळांत किंवा ठरावीक जातींतच सापडतात. त्यांना दुय्यम चयापचयातली द्रव्यं म्हणतात. नावात ‘दुय्यम’ असलं तरी किडीनं भरलेल्या रानात उभ्या असलेल्या झाडाच्या दृष्टीनं त्यांत दुय्यम काही नाही. आजवर अशी दोन लाखांहून जास्त द्रव्यं ओळखली गेली आहेत. ढोबळ गट तीन: टर्पीन (उदा. मेंथॉल), अल्कलॉइड (नायट्रोजनयुक्त, उदा. निकोटिन, मॉर्फिन) आणि फिनॉल वर्ग (उदा. करक्युमिन). लसूण-मोहरीतली गंधकयुक्त द्रव्यं आणि सायनाइड सोडणारी ग्लायकोसाइडं (साखर जोडलेली द्रव्यं) यांचा हिशेब वेगळा.

झाड ही द्रव्यं आपल्यासाठी बनवत नाही. निकोटिन किड्याच्या मज्जासंस्थेवर हल्ला करतं. सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टिन पेशीविभाजनासाठी लागणारे ट्यूब्युलिनचे धागे बनू देत नाही, आणि झपाट्यानं वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी नेमक्या तिथेच अडतात.

कच्चा माल येतो कुठून?

प्रकाशसंश्लेषणात तयार झालेल्या साखरेतून. पुढे वाटा फुटतात. लवकांमध्ये (हरितलवक हा ज्यांचा एक प्रकार, त्या पेशीतल्या कप्प्यांत) शिकिमेट मार्ग चालतो आणि त्यातून फेनिलॲलनिन, टायरोसिन व ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं मिळतात. फिनॉल वर्गातली बरीचशी द्रव्यं आणि अनेक अल्कलॉइडं यांवर उभी असतात. टर्पीनसाठी पाच कार्बनी विटा लागतात. त्या लवकात एका मार्गानं बनतात आणि पेशीद्रव्यात, म्हणजे कप्प्यांबाहेरच्या पातळ द्रवात, दुसऱ्या मार्गानं. साधारणपणे दहा कार्बनी टर्पीन लवकातल्या विटांचे, तर पंधरा आणि तीस कार्बनी टर्पीन पेशीद्रव्यातल्या विटांचे.

पुदिन्याच्या मेंथॉलचा प्रवास पाहिला की पेशीच्या आतसुद्धा किती हेलपाटे असतात ते कळतं. मेंथॉलचा पूर्वज रेणू लिमोनीन लवकात तयार होतो. त्याला ऑक्सिजन जोडला जातो तो आंतर्द्रव्यजालिकेवर, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यावर. पुढचं ऑक्सिडीकरण तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) होतं आणि उरलेल्या बहुतेक पायऱ्या पेशीद्रव्यात. शेवटची पायरी म्हणजे मेंथोनचं मेंथॉल होणं, आणि ती पान जून होत जाताना वेग घेते. कोवळ्या पानांच्या तेलात मेंथोन जास्त आणि मेंथॉल कमी भरतं ते यामुळेच. मेंथॉलसाठीचा पुदिना फुलोरा येण्याच्या सुमारास कापतात, त्यामागचं कारणही हेच.

एकाच पेशीत सगळं काम का होत नाही?

सदाफुली हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण, म्हणून जरा सविस्तर.

पानाच्या शिरेत रसवाहिनीला (साखर वाहणाऱ्या नळीला) लागून काही मूलोती पेशी, म्हणजे पातळ भिंतीच्या साध्या पेशी, असतात. पहिला टप्पा तिथे पार पडतो: जेरॅनिऑलपासून लोगॅनिक आम्लापर्यंत. हे आम्ल तिथून निघून पानाच्या बाह्यत्वचेच्या पेशींत येतं. तिथे त्याचं सेकोलोगॅनिन होतं. ट्रिप्टोफॅनपासून बनलेलं ट्रिप्टामिनही तिथेच हजर असतं. दोघं बाह्यत्वचेच्या पेशीतल्या रिक्तिकेत (साठवणीच्या मोठ्या पिशवीत) भेटतात आणि स्ट्रिक्टोसिडिन बनतं.

आता गंमत अशी की स्ट्रिक्टोसिडिनमधली साखर तोडणारं विकर, म्हणजेच एन्झाइम, रिक्तिकेत ठेवलेलंच नाही. ते पेशीच्या केंद्रकात असतं. साखर तुटली की जे उरतं ते अतिशय क्रियाशील असतं आणि समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. किड्यानं पान चावून कप्पे फोडले की दोन्ही एकत्र येतात आणि तो स्फोट किड्याच्या तोंडात होतो. शांत काळात मात्र एनपीएफ 2.9 नावाचं वाहक प्रथिन स्ट्रिक्टोसिडिनला रिक्तिकेतून मोजून-मापून बाहेर सोडतं. प्रयोगात या वाहकाचं जनुक बंद केलं तेव्हा स्ट्रिक्टोसिडिन रिक्तिकेत साचत गेलं आणि पानांतल्या पेशी मरू लागल्या.

इथून पुढे वाट दुभंगते. एका फाट्यावर कॅथरँथिन बनतं आणि त्याचा मोठा भाग एक एबीसी वाहक (एका मोठ्या गटातलं वाहक प्रथिन) पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात नेऊन सोडतो. दुसऱ्या फाट्यावरचं व्हिंडोलिन पानाच्या आतल्या चीकनलिकांत आणि इडिओब्लास्ट नावाच्या खास पेशींत पूर्ण होतं. ताजं पान थोडा वेळ क्लोरोफॉर्ममध्ये बुडवलं तर मेणासोबत कॅथरँथिन निघून येतं, व्हिंडोलिन पानातच राहतं. अलीकडे एकेक पेशी सुटी करून केलेल्या मोजमापांत इडिओब्लास्टमध्ये कॅथरँथिनही सापडलं आहे, तेव्हा ‘एक बाहेर, एक आत’ हे चित्र वाटलं होतं तितकं स्वच्छ नाही.

व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हवं असेल तर हे दोन रेणू जोडावे लागतात, आणि झाड ते फार थोड्या प्रमाणात जोडतं. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी साधारण 500 किलो वाळलेली पानं लागतात, व्हिन्क्रिस्टिनसाठी त्याच्या चौपट. ही द्रव्यं पेशी मारणारी आहेत. सदाफुलीची पानं घरगुती औषध म्हणून चावून खाऊ नयेत, कारण एका पानात नेमकी किती मात्रा आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

द्रव्य मुळात बनत असेल तर ते पानात कसं सापडतं?

जलवाहिनीतून वर चढतं. तंबाखूचं निकोटिन मुळांत बनतं, पानं फक्त कोठार असतात. हे कलमानं सिद्ध झालं. टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचा शेंडा बांधला तर तंबाखूच्या पानांत निकोटिन जवळपास नसतं. उलट कलम केलं, म्हणजे तंबाखूच्या मुळावर टोमॅटो, की टोमॅटोच्या पानांत निकोटिन भरतं. पान आहे टोमॅटोचं, विष आहे तंबाखूचं.

प्रत्येक दारावर वेगळा रखवालदार असतो. मुळाच्या पेशींत मेट गटातले वाहक निकोटिन रिक्तिकेत ओढतात. पानात पोचल्यावर जॅट-1 हे वाहक तेच काम करतं. शेंडा खुडल्यावर तंबाखूच्या पानांतलं निकोटिन वाढतं, कारण वरून येणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक घटतं, जखमेचा संदेश खाली जातो आणि मुळांतला कारखाना वेग घेतो. धोत्र्यातली ट्रोपेन अल्कलॉइडंसुद्धा मुख्यतः मुळांत बनून वर जातात. त्यामुळे सूत्रकृमींनी किंवा साचलेल्या पाण्यानं मुळं खराब झालेलं झाड वरून हिरवंगार दिसलं तरी पानांत माल कमी भरू शकतो.

रिक्तिकेत गेलेलं द्रव्य परत बाहेर का झिरपत नाही?

बऱ्याच अल्कलॉइडांच्या बाबतीत आम्लतेचा सापळा काम करतो. पेशीद्रव्याचा सामू (आम्लतेचं माप, पीएच) 7.2 च्या आसपास, रिक्तिकेचा 5.5 च्या आसपास. प्रभार नसलेला रेणू पटलातून सहज पार होतो, प्रभारित रेणू होत नाही. निकोटिनचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला निम्मे रेणू प्रभारित असतात तो आकडा, सुमारे 8. गणित मांडलं तर पेशीद्रव्यात साधारण 14 टक्के निकोटिन प्रभाररहित असतं, रिक्तिकेत जेमतेम 0.3 टक्के. म्हणजे आत जाणं सोपं आणि निघणं अवघड. फक्त या सापळ्यावर भिस्त ठेवली तरी रिक्तिकेत पेशीद्रव्याच्या सुमारे 43 पट निकोटिन साचेल. सामूतला हा फरक टिकवायला रिक्तिकेच्या पटलावरचे प्रोटॉन पंप सतत एटीपी (पेशीचं इंधन) जाळत असतात.

हे स्पष्टीकरण सगळ्यांना लागू नाही. दारुहळदीतलं बर्बेरिन कायमच प्रभारित असतं, त्यामुळे ते आपोआप आत सरकूच शकत नाही. त्याला वाहक लागतो, जो एक प्रोटॉन बाहेर सोडून त्याच्या बदल्यात बर्बेरिन आत घेतो. फ्लॅव्होनॉइडांना आधी साखर जोडली जाते, मग वाहक त्यांना ओळखतात.

स्वतःच्या विषानं झाड का मरत नाही?

तीन युक्त्या वारंवार दिसतात. पहिली, विष अर्धवट ठेवायचं: साखर जोडलेला निरुपद्रवी रेणू एका कप्प्यात, साखर तोडणारं विकर दुसऱ्यात. कोवळ्या ज्वारीतलं धुरिन असंच असतं. ते बाह्यत्वचेच्या रिक्तिकेत, विकर आतल्या पेशींच्या हरितलवकात. जनावरानं चावलं की सायनाइड सुटतं. दुसरी, पेशीबाहेर टाकायचं: मेणात, ग्रंथीत, चिकात. तिसरी युक्ती मला सर्वांत धीट वाटते: लक्ष्यच बदलायचं. कॅम्पटोथेसिन हे द्रव्य डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-1 या विकराला जखडून पेशी मारतं. ते बनवणाऱ्या कॅम्पटोथेका झाडाच्या स्वतःच्या टोपोआयसोमरेजमध्ये अमिनो आम्ल अशा ठिकाणी बदललेलं आहे की औषध तिथे नीट बसत नाही.

लसूण ठेचून काही मिनिटं ठेवावा म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

आहे. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन हे लसणाचं उग्र, परिणामकारक द्रव्य जवळजवळ नसतंच. ते ज्यापासून बनतं ते ॲलीन साठवणीच्या पेशींत असतं, आणि त्यावर काम करणारं ॲलिनेज विकर शिरांभोवतीच्या पेशींच्या रिक्तिकेत. ठेचलं की काही सेकंदांत ॲलिसिन बनू लागतं.

चुका कुठे होतात? अख्खी पाकळी उकळत्या पाण्यात किंवा गरम तेलात टाकली तर विकर आधी मरतं, ॲलीन तसंच राहतं. मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट दिलं तरी विकर निकामी होतं. ठेचताना लिंबू किंवा व्हिनेगर घातलं आणि सामू 3 च्या खाली गेला, तर विकर अडतं. म्हणून ठेचून किंवा बारीक चिरून 10 मिनिटं ठेवा, मग आंबट घाला किंवा गरम करा. लसणाच्या पावडरीच्या गोळ्यांवर आम्लात न विरघळणारं आवरण देतात तेही जठरातल्या आम्लापासून विकर वाचवण्यासाठीच.

तुळशीच्या पानावरचे चमकणारे ठिपके काय असतात?

ग्रंथिरोम, म्हणजे तेल बनवणारे सूक्ष्म केस. 10 पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, पान उलटं करून तिरप्या उजेडात धरा. लहान, गोल, किंचित पिवळसर थेंबांसारखे ठिपके दिसतील. प्रत्येकाच्या माथ्यावर तेल बनवणाऱ्या चार पेशी असतात. त्या तेल वर ढकलतात, आणि त्यांच्यावरची पातळ उपत्वचा (मेणचट आवरण) फुग्यासारखी उचलली जाते. तेल त्या पोकळीत साचतं, कोणत्याही पेशीच्या आत नव्हे. पानाला बोट लागताच वास येतो तो हे फुगे फुटल्यामुळे.

आता वाळवणी. पानं चोळू नका, दाबून पोत्यात भरू नका, काढल्यावर ढीग करू नका. ढीग आतून तापतो आणि तेल तिथेच उडायला लागतं. सावलीत, हवा खेळती ठेवून, 2 ते 3 सेंमी जाडीचा थर पसरा. यंत्रात वाळवत असाल तर 35 ते 40 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ नका. देठ वाकवल्यावर कट्‌कन मोडला पाहिजे. पावडर वापरायच्या वेळीच करा, कारण दळताना उरलेसुरले फुगेही फुटतात.

आर्टेमिसिनिनही अशाच ग्रंथीत असतं का?

हो. आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध. ते देणाऱ्या आर्टेमिसिया ॲन्युआ या वनस्पतीच्या पानावरचा ग्रंथिरोम दहा पेशींचा, दोन रांगांत रचलेला असतो. त्यांत डायहायड्रोआर्टेमिसिनिक आम्ल बनतं, आणि त्याचं आर्टेमिसिनिन होण्याची अखेरची पायरी विकराशिवाय, उजेड आणि ऑक्सिजन यांच्या जोरावर उपत्वचेखालच्या पोकळीत होते. या रेणूतला पेरॉक्साइड पूल (दोन ऑक्सिजन अणूंची जोडणी) उष्णतेला नाजूक असतो, आणि तेच त्याचं मलेरियाविरुद्धचं हत्यार. काढा उकळून अर्क निष्प्रभ ठरत होता. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी सुमारे 35 अंशांना उकळणारं ईथर वापरलं आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रभावी अर्क मिळाला. त्यासाठी त्यांना 2015 चं नोबेल मिळालं.

कोरफडीचा गर आणि पिवळा चीक एकच का?

मुळीच नाही, आणि हा गोंधळ त्रासदायक ठरतो. हिरव्या सालीच्या लगेच खाली, वाहिन्यांच्या जुडग्यांभोवतीच्या पेशींत पिवळा, कडू चीक असतो. त्यात ॲलोइन असतं आणि ते तीव्र रेचक आहे. मधला पारदर्शक गर म्हणजे पाणी साठवणाऱ्या मोठ्या पेशी.

पान तळाशी कापल्यावर कापलेली बाजू खाली करून 10 ते 15 मिनिटं उभं धरून ठेवा, चीक निथळू द्या. मग दोन्ही कडा आणि साल जाडसर काढा, गर धुवा. गरावर पिवळट छटा किंवा कडवटपणा राहिला असेल तर साल पातळ निघाली आहे, पुन्हा कापा. पान पिळून किंवा सालीसकट मिक्सरमध्ये फिरवून काढलेल्या रसात चीक हमखास येतो.

अफूच्या चिकातलं मॉर्फिनही चिकातच बनतं का?

त्याचा घाट तीन पेशींत वाटलेला आहे. विकरं रसवाहिनीच्या सहपेशींत बनतात, बरंचसं काम त्यांच्याच शेजारच्या चाळणीनलिकांत (साखर वाहणाऱ्या नळ्यांत) होतं आणि साठवण होते चीकनलिकांमधल्या सूक्ष्म पिशव्यांत. शेवटच्या काही पायऱ्या चिकातही होतात असं आता दिसतं.

हळदीतलं करक्युमिन स्वतः पाहता येईल का?

हा प्रयोग शाळेच्या सूक्ष्मदर्शकावरही होतो. ओल्या हळदीच्या बोटाचा नव्या ब्लेडनं आडवा काप घ्या, इतका पातळ की त्यातून छापील अक्षर वाचता यावं. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून झाकणकाच लावा आणि 100 पटीवर पाहा. सगळा काप पिवळा दिसेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पिष्टकणांनी भरलेल्या रंगहीन पेशींच्या गर्दीत मधूनमधून गडद पिवळ्या पेशी विखुरलेल्या दिसतात. करक्युमिन आणि तेल त्या थोड्या पेशींतच असतं. कडेनं चुन्याच्या निवळीचा एक थेंब सोडा, पिवळं तिथे लाल होतं.

सगळीकडे पिवळा डाग पसरलेला दिसला तर ब्लेड बोथट आहे किंवा काप जाड झाला आहे. पेशी फाटून रंग बाहेर आला आहे. हळद शिजवताना नेमकं हेच मुद्दाम केलं जातं: पटलं मोडतात, पिष्ट फुगतं आणि रंग गड्डाभर एकसारखा पसरतो.

झाडाला ताण दिला की द्रव्यं वाढतात, मग पाणी तोडावं का?

घाई करू नका. जखम झाली की जास्मोनेट हा संदेशरेणू तयार होतो, जनुकांना दाबून धरणारी जॅझ प्रथिनं नष्ट होतात आणि संरक्षणाची जनुकं चालू होतात. पेशीसंवर्धनात 100 मायक्रोमोलर मिथाइल जास्मोनेट दिल्यावर यू वृक्षाच्या पेशींत टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध वाढल्याचं 1996 मध्ये दिसलं. पण झाडाची साखर तेवढीच असते. ती संरक्षणाकडे वळली की वाढ मंदावते.

हिशेब टक्केवारीचा न करता एकूण किलोंचा करा. समजा 1,000 किलो सुक्या मालात 0.5 टक्के द्रव्य आहे, म्हणजे 5 किलो. ताणानं प्रमाण 0.7 टक्के झालं पण माल 650 किलोच आला, तर हाती 4.55 किलो. काढणी, वाळवणी, दळणवळण यांचा खर्च किलोवर पडत असेल तर कदाचित परवडेल, नाहीतर नुकसान. ताण द्यायचाच तर पूर्ण वाढीनंतर, काढणीच्या तोंडावर.

कोणत्या वनस्पतीचा कोणता भाग जपायचा?

सर्पगंधेची बहुतेक अल्कलॉइडं मुळाच्या सालीत असतात. मूळ ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून साल खरवडली की औषध मातीबरोबर गेलं. अश्वगंधेत विथाफेरिन-ए (विथॅनोलाइड गटातलं द्रव्य) पानांत भरपूर असतं, मुळाची घडण वेगळी. तेव्हा पानं मिसळलेली पावडर मुळाची म्हणून खपवली तर एकूण विथॅनोलाइडांचा आकडा फसवा येतो. कडुनिंबाचं ॲझाडिरॅक्टिन मुख्यतः बियांच्या मगजात असतं आणि उन्हानं लवकर विघटतं, म्हणून निंबोळ्या सावलीत वाळवा.

घरी किंवा शाळेत साधी चाचणी कोणती?

ड्रॅगेनडॉर्फ द्रावणानं अल्कलॉइडांचा नारिंगी-तांबडा साका बसतो, पण काही प्रथिनंही साका देतात, त्यामुळे एकट्या रंगावर निष्कर्ष काढू नका. फेरिक क्लोराइडनं टॅनिन निळसर-काळे किंवा हिरवे होतात. सुदान-3 तेलाचे थेंब तांबडे करतो, मात्र काप आधी अल्कोहोलमध्ये ठेवला असेल तर तेल निघून गेलेलं असतं. दारुहळदीच्या खोडाचा काप 365 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पिवळा चमकतो, तिथे रंगद्रव लागतच नाही.

मग टाकीत पेशी वाढवून औषध का बनवत नाहीत?

जिथे एका प्रकारच्या पेशीला सगळं जमतं तिथे बनवतात. शिकोनिन हे लाल रंगद्रव्य 1980 च्या दशकात जपानमध्ये असंच व्यापारी पातळीवर निघालं, टॅक्सॉलही निघतं. सदाफुलीच्या सुट्या पेशी मात्र कॅथरँथिन देतात आणि व्हिंडोलिनवर अडतात, कारण इडिओब्लास्ट आणि चीकनलिका घडवायला पान लागतं. टाकीत असतो नुसता पेशींचा लगदा. मुळांत बनणाऱ्या द्रव्यांसाठी ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजीन्स या जीवाणूमुळे तयार झालेली केसाळ मुळं उपयोगी पडतात. दुसरी वाट म्हणजे जनुकं किण्वात (यीस्टमध्ये) बसवणं: 2022 मध्ये किण्वाकडून कॅथरँथिन आणि व्हिंडोलिन दोन्ही बनवून घेतली गेली आणि पुढे ती रसायनशाळेत जोडून व्हिन्ब्लास्टिन मिळालं. त्यासाठी तीसहून जास्त पायऱ्यांचा मार्ग किण्वात उभारावा लागला.